घडीवरची चांदी

परबकाका गेले हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. आमच्या जुन्या गाळ्यातल्या लोकांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक यांखेरीज काही येत नाही. त्यात काकांच्याच नंबरावरून त्यांच्या मुलीचा, मयुरीचा मेसेज आला की बाबा काल सकाळी गावच्या घरी वारले. खाली रांगेने जोडलेले हात आले. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की जाताना या माणसाने कुणाची तरी माफी नक्की मागितली असणार. डॉक्टरची, नाहीतर खाटेची. मला हसू आलं आणि लगेच हसल्याचं वाईट वाटलं. ही वाईट वाटून घ्यायची खोडही मला त्यांच्यामुळेच लागली आहे.

लोअर परळला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. समोर गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उठली होती आणि दुपारी तिच्या काचांवरून ऊन उसळून आमच्या टेबलांवर येई. कॅमेरे, कानाची मशीनं, रक्तदाब मोजायची यंत्रं असलं लहानसहान सगळं आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. मी काउंटरला होते. वस्तू घ्यायची, पावती द्यायची आणि उशीर झाला की लोकांची बोलणी खायची, हे माझं काम. परबकाका आत, मायक्रोस्कोपपाशी. राहायला लालबागला, वडील गिरणीत होते, बोलण्यात अधूनमधून मालवणी डोकावायची. घरून फोन आला की मात्र ती धो धो वाहायची. "होय गो, येतंय. तू जेवन घे, माझी वाट बघू नको." आणि फोन ठेवता ठेवता, "चुकला माझा."

त्यांचं काम फ्लेक्सचं. कुठलंही उघडझाप होणारं यंत्र उघडलं की आत फिल्मसारखी पातळ, पिवळट तपकिरी पट्टी दिसते, तिला फ्लेक्स म्हणतात. तिच्या पोटात केसाहून बारीक तांब्याच्या रेघा असतात आणि त्यांतून वीज खेळते. पट्टी जिथं दुमडलेली असते तिथं कधीतरी एखादी रेघ तडकते आणि यंत्र गप्प बसतं. बाकी दुकानदार सांगतात, पट्टी बदला. जुन्या यंत्राची पट्टी बाजारात मिळेनाशी झाली की लोक आमच्याकडे येत.

तडकलेल्या रेघेपर्यंत पोचायला वरचं चांगलं आवरण खरवडावं लागतं. ब्लेड टेकवण्याआधी परबकाका दर वेळी पुटपुटत, "माफ कर हां." मी नवी होते तेव्हा मला वाटलं, मलाच म्हणतायत. मग कळलं की पट्टीला म्हणतायत.

"काका, ती ऐकतेय का?" मी एकदा चिडवलं.

"नसेल ऐकत. मला ऐकू येतं ना. चांगल्या अंगावर ब्लेड चालवायचं, आणि बोलायचं पण नाही?"

कुणाला पाय लागला की आपण वाकून हात लावतो आणि कपाळाला नेतो. परबकाका कुरिअरच्या खोक्यालाही पाय लागला की वाकायचे. स्टुलाला, वायरीच्या गुंडाळीला, एकदा तर दारात झोपलेल्या इस्टेटच्या कुत्र्याला. कुत्र्याने डोळासुद्धा उघडला नाही. शेठ, म्हणजे आमचे मालक, या सगळ्याला वैतागलेले असत. गाळ्यात काहीही बिघडलं की पहिला आवाज आतून यायचा, "माझंच चुकलं असेल." एकदा एसी बंद पडला तेव्हाही आला. शेठ म्हणाले, "परब, मे महिना पण तुम्हीच आणलात का?" परबकाकांनी यावर खरोखर क्षणभर विचार केला असावा, असा त्यांचा चेहरा होता.

मला कधीकधी त्यांचा राग यायचा, हे सांगून टाकते. इतकी माफी मागणाऱ्या माणसाबरोबर काम करणं सोपं नसतं. आपल्याला सारखं कोडगं असल्यासारखं वाटतं.

त्यांच्या टेबलाखाली काचेची एक बरणी होती. पूर्वी कधीतरी तिच्यात लोणचं असावं. त्यांच्या हातून फुकट गेलेल्या पट्ट्या ते तिच्यात ठेवत. दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करायचो. मायक्रोस्कोपला झेंडूचा हार, सोल्डरिंगच्या गनला कुंकू. परबकाका ती बरणीही वर काढत, पुसत आणि तिच्यावर एक फूल ठेवत. शेठना ते अपशकुनी वाटे. "ज्यांच्यावर शिकलो त्यांना नको का एक फूल?" काका म्हणत, आणि पुढे "सॉरी हां शेठ," हे आलंच.

पण कामात त्यांचा एक नियम होता आणि त्यात सॉरीबिरी नव्हतं. तडकलेली रेघ जोडायचे दोन मार्ग. एक लांबचा. घडीपासून दूर, दोन्ही टोकांना आवरण खरवडायचं, बारीक तार घडीला वळसा घालून थोडी सैल सोडायची, टाके मारायचे, वर लेप द्यायचा, आणि मग पट्टी पुन्हा पुन्हा दुमडून बघत बसायचं. त्याला आख्खा दिवस जायचा. दुसरा मार्ग जवळचा. चांदीची शाई मिळते, ती ब्रशच्या टोकाने तड्यावर लावायची. वाळली की रेघ जुळते, यंत्र लगेच सुरू. सपाट जागी ती टिकते. दुमडणाऱ्या जागी मात्र ती थोडे दिवस साथ देते आणि पुन्हा तडकते. "घडीवर चांदी चालत नाही," काका सांगत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ते ऐकत नसत. एकदा एका फोटोग्राफरने काउंटरवर हात आपटला, तरी काका आतून फक्त म्हणाले, "उद्या."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

गिरगावातून करमरकर म्हणून एक गृहस्थ आले. सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा सदरा, गळ्याशी रुमाल. त्यांनी खिशातून मुलांची लिहून पुसायची पाटी काढली आणि तिच्यावर लिहिलं, "मशीन बंद आहे." घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. टॉर्चएवढं एक यंत्र हनुवटीखाली टेकवून, अंगठ्याने बटण दाबून ते बोलत. यंत्र थरथरतं, त्या थरथरीचे तोंडात शब्द करायचे. आवाज एकसुरी, मधमाशीसारखा घूं घूं. पण शब्द कळतात. बटणाकडून आत जाणारी पट्टी नेमकी घडीवर तडकली होती आणि ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं.

परबकाकांनी बघितलं आणि सांगितलं, "उद्या संध्याकाळी."

करमरकरांनी मान डोलावली. पण निघाले नाहीत. काउंटरजवळच्या स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडून मुलीचा आवाज, "बाबा, पोचलात ना? बाबा?" करमरकरांनी नखाने फोनच्या पाठीवर टकटक केलं. थांबले. पुन्हा टकटक केलं. तिला समजलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे बघून जरासं ओशाळं हसले.

परबकाका आतल्या दारात उभे होते. त्यांनी ते बघितलं.

"थांबा काका," ते म्हणाले, "तासाभरात देतो."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ते आत वळले होते. तासाभराने यंत्र बाहेर आलं. करमरकरांनी ते हनुवटीखाली धरलं, बटण दाबलं आणि पहिलं वाक्य बोलले, "मुलीचं लग्न आहे. मंगलाष्टक म्हणायचंय."

मग ते बोलतच राहिले. इतका वेळ साठलेलं असणार. गिरगावात कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं म्हणायला करमरकरच. विमा कचेरीतून रजा काढून जायचे. आवाज गेला तो गेला, पण मुलीसाठी, ऋतासाठी स्वतः एक रचलंय, सूर नाही तर नाही, नुसते शब्द तरी म्हणेन. परबकाकांचा चेहरा उतरत गेला. "लग्नाआधी एकदा घेऊन या हां," ते म्हणाले, "पक्कं करून देतो." करमरकरांनी हात उंचावून हो म्हटलं आणि घूं घूं करत, जिना उतरताना वॉचमनशीही बोलत, गेले.

लग्नघर म्हटल्यावर ते कशाला परत येतायत? त्यांचा नंबर आमच्याकडे होता. परबकाका रोज म्हणायचे, "आज फोन करतो." आणि करायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पक्कं करायचं तर पुन्हा दिवसभर मुकं ठेवायचं त्यांना. चालतंय ना, चालू दे." दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला विचारलं, "चालत असेल ना हो, मॅडम?"

चाललं नाही. लग्नानंतर ऋता करमरकर आली. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. तिने यंत्र काउंटरवर ठेवलं.

"सगळे थांबले होते," ती म्हणाली. "गुरुजींनी बाबांना खूण केली. बाबांनी मशीन लावलं, बटण दाबलं, आणि नुसते ओठ हलत राहिले. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मागे कुणीतरी कुजबुजलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मुहूर्त थांबतो का? गुरुजींनी पुढचं सुरू केलं. बाबा हसत होते. त्यांनी पाटीवर लिहिलंय, दुकानात जाऊन भांडू नकोस. पण मी भांडणार आहे."

परबकाका बाहेर आले. "मी केलं होतं ते," म्हणाले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं, हे टिकणार नाही?"

माझी खात्री होती की आता माफ्यांची माळ सुरू होणार. कुत्र्याची माफी मागणारा माणूस तो. पण परबकाका एकच शब्द बोलले. "होय."

ती काय भांडणार! यंत्र काउंटरवरच ठेवून निघून गेली. त्या दिवशी परबकाकांनी जेवणाचा डबा उघडला नाही, आणि दिवसभरात एकदाही सॉरी म्हटलं नाही. आम्हाला सवय नव्हती, गाळा भकास वाटायला लागला.

यंत्र त्यांनी लांबच्या मार्गाने जोडलं आणि दोन दिवस नुसती पट्टी दुमडत बसले. ते पोचवायला मी निघाले तर म्हणाले, "मी येतो." करमरकरांच्या इमारतीत जिन्याखाली टपालाच्या पेट्या होत्या, तिथवर आले आणि थांबले. "तुम्ही जा वर. मी आहे इथं." मी पुष्कळ सांगितलं. ते एकेका पेटीवरचं नाव वाचत उभे राहिले.

वर करमरकरांनी मला लग्नातला बुंदीचा लाडू दिला, यंत्र लावून बघितलं आणि विचारलं, "ते नाही आले?" मी खरं ते सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "त्यांना सांगा, त्या दिवशी घरी गेलो आणि ऋताला हाक मारली. लग्नाची सगळी गडबड तिच्याशी बोलत केली. तेवढे दिवस त्यांनीच दिले."

मी खाली येऊन शब्दन् शब्द सांगितला. आता तरी या माणसाचा चेहरा सैल होईल, असं मला वाटलं.

"त्यांचं मन मोठं आहे," परबकाका म्हणाले. "म्हणून माझी चूक लहान होत नाही, मॅडम." करमरकरांनी त्यांच्यासाठी दिलेला लाडू त्यांनी घेतला, पण माझ्यासमोर खाल्ला नाही.

त्यानंतर ते फार हळू झाले. पक्की झालेली पट्टीही हातातून सोडवेना. चहा येई, गार होई, यांचं दुमडणं चालूच. लोक माझ्यावर ओरडत, शेठ त्यांच्यावर. "परब, अहो कॅमेरा आहे तो, लेकरू नाही!" काका मान हलवत आणि पट्टी आणखी एकदा दुमडत. मीही एकदा वैतागून म्हणाले, "काका, आता पुरे करा. ते विसरले असतील."

"ते विसरतील," काका म्हणाले. "त्यांच्या मुलीचं लग्न पुन्हा होणार आहे का?"



मग मयुरीचं लग्न ठरलं. परबकाका काउंटरवर आले, माझ्यासमोर पत्रिका ठेवली, वर अक्षता ठेवल्या आणि म्हणाले, "गिरगावात यायचंय माझ्याबरोबर. या वेळी मी वर चढणार."

चढले. करमरकरांच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसले आणि आतल्या आत काहीतरी जुळवू लागले. जुळेना. शेवटी एकदम म्हणाले, "माझ्या पोरीच्या लग्नात तुम्ही मंगलाष्टक म्हणा."

करमरकरांनी यंत्र टेबलावरच राहू दिलं होतं. पाटीकडेही हात नेला नाही. ते खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, चुकलंच हे, कुणाच्या जखमेवर आपण बोट ठेवायला आलो. मग त्यांनी यंत्र उचललं.

"एका अटीवर," घूं घूं आवाज आला. "लग्नाआधी मशीनला तुम्ही हात लावायचा नाही. उघडून बघायचं नाही. आहे तसंच घेऊन येईन."

परबकाकांच्या कपाळावर घाम आला. "एकदा नुसती नजर टाकतो..."

"नाही."

"बरं," काका म्हणाले.

अट साधी वाटते. पण मी त्यानंतरचे दिवस बघितले आहेत. दागिने, आचारी, हॉल, मुलाकडचे मानपान यांतलं कशाचंही त्यांना टेन्शन नव्हतं. मध्येच ब्लेड खाली ठेवत आणि विचारत, "लेप नीट सुकला होता ना हो?" मी म्हणे, सुकला होता. "घामाने काही होत नसेल ना?" मी म्हणे, काही होत नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी विचारत.

परळच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. आम्ही गाळ्यातले सगळे गेलो. अंतरपाट धरला गेला. परबकाकू रीतीप्रमाणे आत तुळशीला पाणी घालायला गेल्या, मुलीच्या आईने ते बघायचं नसतं. बापाने बघायला हरकत नसते. परबकाका नव्या सदऱ्यात, मुठीत अक्षता घेऊन मयुरीच्या जवळच उभे होते. पहिली मंगलाष्टकं आत्याने, मामाने म्हटली. शेवटच्याला गुरुजींनी खूण केली आणि करमरकर पुढे झाले.

यंत्र हनुवटीखाली टेकलं. आवाज निघाला. दोन मुलं फिसकन हसली, त्यांना कुणीतरी दटावलं, आणि मग हॉल शांत झाला. सूर नव्हता. पण प्रत्येक शब्द सावकाश, सुटा सुटा, जागच्या जागी पडत होता. ओळ संपली की करमरकर श्वास घ्यायला बटणावरून अंगठा उचलत. आवाज बंद होई. इतरांना ते थांबणं वाटे. परबकाकांकडे मी बघितलं. त्यांचा श्वास अडकलेला असे, आणि पुढची ओळ सुरू झाली की सुटे. त्यांची नजर त्या अंगठ्यावर खिळली होती. मयुरीने एकदा मान वळवून बापाकडे बघितलं. तिला वाटलं असेल बाबांच्या डोळ्यांत पाणी असेल. बाबा तिच्याकडे बघतच नव्हते.

सावधान झालं. वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला, अक्षतांचा सडा पडला, हार घातले गेले. करमरकरांनी यंत्र खिशात टाकलं आणि परबकाकांकडे बघून नुसती मान हलवली. तेवढ्यात लोकांचा लोंढा स्टेजकडे गेला आणि दोघं मला दिसेनासे झाले.

पंगतीला जाण्याआधी मी काकांना शोधलं. ते खुर्च्यांच्या मागे, भिंतीशी एकटे उभे होते.

"चाललं ना काका! आता तरी झालं का समाधान?"

"चाललं," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पण हार कधी घातले, मी बघितलंच नाही."

त्यांनी मूठ उघडली. अक्षता तशाच होत्या. घामाने तळव्याला चिकटल्या होत्या, तळवा कुंकवाने लाल झाला होता.

त्यानंतर लवकरच शेठनी गाळा विकला आणि परबकाका गावी राहायला गेले. फोनवर बोललो, पण भेट अशी झाली नाही. त्यामुळे मला ते दिसतात ते त्या हॉलमधलेच. वाजंत्री थांबली आहे, निम्मी माणसं जेवायला गेली आहेत, स्टेजवर फोटो चालले आहेत. परबकाका गर्दीतून वाट काढत, कुणाकुणाला पाय लागला म्हणून वाकत, वर चढतात. फोटोग्राफर म्हणतो, काका, एक मिनिट. ते थांबत नाहीत. तळव्यावरच्या अक्षता दुसऱ्या हाताने एकेक सोडवून मयुरीच्या डोक्यावर ठेवतात.

"काय हो बाबा, आता?" ती हसून म्हणते.

आणि मला खालून ऐकू येत नाही, पण त्यांचे ओठ हलताना दिसतात. गाळ्यात रोज बघितलेले तेच शब्द, "माफ कर हां."